चिठ्ठीवरच्या वचनापासून अख्ख्या अध्यायापर्यंत: शास्त्राभ्यासाला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

२०१५ च्या ३१ डिसेंबरला, रात्रीच्या उपासनेत, वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट माझ्यापुढं आलं. मी उचललेल्या चिठ्ठीवर यिर्मया २९:११ होतं, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायाची अकरावी ओळ. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं सांगणारं. चिठ्ठी कपाटाच्या आरशाला चिकटवली आणि मनाशी धरून चाललो की हे साल आपलं. फेब्रुवारीत बोअर आटला. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. चारा नव्हता म्हणून दोन म्हशी विकल्या. चिठ्ठी आरशावर तशीच होती, आणि सकाळी भांग पाडताना तिच्याकडं बघणं मला जड जायचं.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्यापाशी मी हे बोललो. त्यांनी एवढंच विचारलं, "अकरावं पाठ आहे. दहावं वाचलंस का रे?"

वाचलं नव्हतं. दहाव्यात सत्तर वर्षं आहेत.

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर पाच-सात जण पवित्र शास्त्र घेऊन बसतो. मी पाळक नाही, सेमिनरीत गेलेलो नाही. औसा तालुक्यात साडेचार एकर कोरडवाहू करतो. पण देवाची सत्ता, त्याची अभिवचनं आणि आयुष्यात पहिलं काय असावं, या तीन विषयांवरचे उतारे वाचताना मी जिथं जिथं अडलो त्या जागा आता मला ओळखीच्या झाल्यात. तिथं तुमचे महिने जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

हाताशी काय हवं

- अख्खं पवित्र शास्त्र, जुना आणि नवा करार दोन्ही. खिशातला छोटा नवा करार इथं पुरत नाही.
- दुसरं एखादं भाषांतर. मंडळीत वाचतात ते बायबल सोसायटीचं भाषांतर मुख्य ठेवा आणि वाक्य अडलं की समकालीन मराठीतलं बघा. मोबाइलवर फुकट मिळतं. पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुणाच्या घरी असेल तर जरूर मागून आणा. रमाबाईंनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून भाषा सोपी ठेवली, आणि त्या गेल्यावर १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं.
- शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल. बायबलचा कागद पातळ असतो, पेनची शाई मागच्या पानावर उतरते.
- पुस्तकाच्या शेवटचे नकाशे. बाबेल (बॅबिलोन) कुठं आणि यरुशलेम कुठं, हे एकदा बोट ठेवून बघा.
- सोबतीला एक माणूस. एकटं वाचताना आपण आपल्याला हवं तेच वाचतो.

कागदपत्रं काही लागत नाहीत. बाप्तिस्मा झाला नसेल तरी या, बसा. आमच्याकडं दोघं-तिघं तसेच येतात.

१. आधी 'वचन' या शब्दाची गोम समजून घ्या

ही अडचण खास आपल्या मराठीतली आहे. बायबलमधल्या प्रत्येक क्रमांकाच्या वाक्याला आपण 'वचन' म्हणतो. कुणी शब्द दिला, तर त्यालाही वचनच म्हणतो. त्यामुळं पुस्तकातलं कुठलंही वाक्य उघडलं की देवानं ते आपल्यालाच कबूल केलंय असं नकळत वाटायला लागतं. 'मला हे वचन मिळालं' असं आपण म्हणतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात.

म्हणून वहीत दोन वेगळे शब्द वापरा. क्रमांकाच्या ओळीला 'वाक्य' लिहा. देवानं खरोखर शब्द दिला असेल तिथंच 'अभिवचन' लिहा. पहिल्या महिन्यातच दिसेल की पुष्कळ वाक्यं आज्ञा आहेत, काही तक्रारी आहेत, काही इतिहास आहे, आणि काही तर चुकीच्या माणसांच्या तोंडची आहेत. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांची लांबलचक भाषणं कितीही शहाणी वाटली, तरी शेवटी ४२ व्या अध्यायात देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत.

२. कोण बोलतंय, कोणाला, कधी, आणि आधी-नंतर काय आहे

हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. उदाहरण म्हणून माझी चिठ्ठीच घेऊ.

यिर्मया २९ हे पत्र आहे. यरुशलेमेत राहणाऱ्या संदेष्ट्यानं ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलं. ही धरपकड इ.स.पू. ५९७ ची. लोकांची घरं गेली होती, मंदिर दूर राहिलं होतं, आणि सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट: परत कधी जायचं? आता एक अध्याय मागं जा. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हवं होतं तेच तो बोलला. यिर्मयाचं पत्र त्याच्या उलट जातं. घरं बांधा, राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लेकरांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं मागा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहावं वाक्य: सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमच्याकडं लक्ष देईन. आणि मग अकरावं.

म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं, त्यांतले बहुतेक म्हातारे बाबेलातच मेले. तरी ते त्यांचंच अभिवचन होतं, नातवंडांच्या हातून पुरं होणारं. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी हनन्याचा हिशोब यिर्मयाच्या नावावर खपवत होतो. यंदा बोअरला पाणी येईल असं त्या चिठ्ठीनं कधी म्हटलंच नव्हतं. पाणी नसलेल्या गावातसुद्धा घर बांध, झाड लाव, गावाचं भलं माग, एवढं मात्र ती मला म्हणत होती, आणि ते मी ऐकलं नव्हतं. मी चिठ्ठी आरशावरून काढून वहीत चिकटवली आणि खाली चौथ्यापासून चौदाव्यापर्यंतची वाक्यं हातानं उतरवून काढली. तुमच्याकडंही अशी एखादी चिठ्ठी असेलच. पहिला अभ्यास तिचाच करा.

फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३, 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो', असंच परीक्षेच्या दिवसांत लेकरांच्या पॅडवर लिहिलेलं असतं. त्याच्या आधीची दोन वाक्यं वाचा. हे पत्र लिहिणारा, कैदेतला पौल सांगतोय की भरल्या पोटी आणि उपाशीपोटी, दोन्हीत राहायला मी शिकलो आहे. लेकरू नापास झालं तर त्या दिवशीही ते वाक्य उपयोगी पडतं, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

३. आपला पाऊस आणि तिकडचा पाऊस

ही छोटी पायरी आहे, पण शेतकऱ्यानं सोडू नये. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात देव इस्राएल लोकांना सांगतो की मिसर देशात तुम्ही भाजीच्या मळ्यासारखं पाणी देऊन पिकवत होता. आता जिथं जाताय ती जमीन आकाशातून पडणारं पाणी पिते. आपल्या भाषेत, बागायत सोडून कोरडवाहूत चला. वर बघितल्याशिवाय जिथं पीक येत नाही, अशी जमीन देवानं त्यांच्यासाठी मुद्दाम निवडली. बुधवारच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा आमच्यातला एक जण बराच वेळ गप्प बसून राहिला. त्याचीही सगळी जमीन कोरडवाहू आहे.

तिथंच पुढं आगोटीचा आणि वळवाचा असे दोन पाऊस येतात. शब्द आपले आहेत, पण पाऊस तिकडचे आहेत. तिकडं पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो आणि त्यावर पेरणी होते; शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये पडतो आणि दाणा भरतो. आपल्याकडचा वळीव आंबा पाडतो, खळ्यावरचा गहू भिजवतो, म्हणून 'वळवाचा पाऊस देईन' हे अभिवचन ऐकून आमच्या घरात सगळे बुचकळ्यात पडले होते. आपल्या रब्बी ज्वारीला परतीचा पाऊस जसा हवा असतो तसा तो समजा, म्हणजे वाक्य उलगडेल.

४. देवाची सत्ता: या क्रमानं वाचा

'सार्वभौमत्व' या शब्दाला भिऊ नका. स्तोत्र ९३, ९७ आणि ९९ उघडा. परमेश्वर राज्य करतो, या घोषणेनंच तिन्ही सुरू होतात. विषय एवढाच आहे. आमच्या अनुभवात पुढचा क्रम सोपा पडतो.

पहिल्यांदा योसेफाची गोष्ट, उत्पत्ती ३७ ते ५०. यहूदा-तामारचा ३८ वा अध्याय मध्येच आला म्हणून गोंधळू नका, वाचत राहा. सतरा वर्षांचा पोरगा भावांकडूनच विकला जातो, तिसाव्या वर्षी फारोपुढं उभा राहतो. मधल्या तेरा वर्षांत गुलामी आणि तुरुंग आहे. मग सात वर्षांचा दुष्काळ, आणि धान्य मागायला आलेले तेच भाऊ. ५०:२० हे या सगळ्याचं कुलूप उघडणारं वाक्य आहे: तुम्ही वाईट योजलं, देवानं त्यातच भलं योजलं. नीट बघा, भावांचा गुन्हा त्यात पुसलेला नाही.

आपल्याकडं हा फरक धरून ठेवणं अवघड जातं. 'कपाळी लिहिलेलं चुकत नाही' हे बोलणं लहानपणापासून कानावर असतं. माझी आजी रविवार न चुकवणारी ख्रिस्ती, पण तिच्याही तोंडी तेच असायचं. कपाळावरच्या लेखाशी कुणाला भांडता येत नाही. बायबलमधल्या देवाशी मात्र माणसं भांडतात, रडतात, 'किती काळ?' असं विचारतात, आणि तो उत्तर देतो. वाचताना 'हे होणारच होतं' एवढंच मनात आलं, तर थांबून बघा: इथं कोण बोलतंय, कोण ऐकतंय?

मग दानीएल ४. ही बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याची त्याच्याच तोंडची साक्ष आहे. महालाच्या गच्चीवर फिरताना 'हे बाबेल मी बांधलं' असं तो म्हणतो, आणि शब्द तोंडात आहेत तोवरच राज्य जातं. बैलासारखं गवत खातो. शेवटी डोळे वर उचलतो तेव्हा भान परत येतं. यात त्याच्या दरबारातल्या दानीएलानं आधीच दिलेला सल्ला सहसा सुटतो: गरिबांवर दया कर. सत्ता कोणाची हे शिकवणाऱ्या अध्यायातच दुबळ्यांना कसं वागवायचं हेही आहे.

मग हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक. तीनच अध्याय आहेत, एका बैठकीत मोठ्यानं वाचा. तो तक्रारीनं सुरू होतो आणि शेवटी येऊन म्हणतो: अंजीर फुललं नाही, वेलीला फळ नाही, शेतानं अन्न दिलं नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरू नाही, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. २०१६ च्या उन्हाळ्यात रिकाम्या गोठ्यासमोर मी हे वाचलं. त्या 'तरी' या शब्दापाशी मी कित्येक आठवडे अडकून होतो. घाईनं तो शब्द म्हणू नका. हबक्कूकालाही तिथं पोचायला तीन अध्याय लागले.

आणि या विषयातला सगळ्यात मोठा खड्डा. किल्लारीचा भूकंप झाला, १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. काही आठवड्यांनी बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं आमच्यापुढं सांगितलं की त्या गावांच्या पापामुळं देवानं हे केलं. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या गावांपैकी एका गावातला होता. ते बोलणं मी आजवर विसरलो नाही. लूक १३ ची पहिली पाच वाक्यं वाचा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मग बोट ऐकणाऱ्यांकडं वळवतो.

म्हणून आमच्या गटाचा नियम आहे. ज्या घरात कर्जापायी कुणी जीव दिलाय, लेकरू गेलंय, तिथं जाऊन रोमकरांस ८:२८ ('देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात') म्हणायचं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. त्यांनी केलेली तेवढीच गोष्ट चांगली होती. पाणी भरा, चूल पेटवा, गुरांना वैरण टाका. वाक्य त्यांनी मागितलं तर द्या.

५. अभिवचन कोणाचं, अट काय, मुदत काय

कुठलंही अभिवचन सापडलं की वहीत तीन रकाने आखा.

कोणाचं? २ इतिहास ७:१४ दुष्काळी वर्षात दर प्रार्थनासभेत ऐकू येतं. लोक नम्र होऊन प्रार्थना करतील तर मी त्यांच्या देशाला बरं करीन. त्याच्या आधीच्या वाक्यात पाऊस थांबण्याचाही उल्लेख आहे, त्यामुळं ते आपल्याला फारच जवळचं वाटतं. पण ते शलमोन राजाला, मंदिराच्या अर्पणानंतर, कराराखालच्या एका राष्ट्राबद्दल, इस्राएलाबद्दल सांगितलंय. त्यातून देवाचा स्वभाव शिका, नम्र व्हायला शिका. 'आपण अमुक दिवस उपास केला की पाऊस पडलाच पाहिजे' असा करार त्यातून काढू नका. पाऊस पडला नाही की मग गावातल्या कोणाचं पाप आडवं आलं ते शोधणं सुरू होतं. मी पाहिलंय.

अट काय? काही अभिवचनांना 'जर' असतो, काहींना नसतो. पेन्सिलनं 'जर' ला गोल करा.

मुदत काय? मोठ्या वंशाचं अभिवचन मिळालेला अब्राहाम पंचाहत्तराव्या वर्षी घर सोडून निघाला आणि त्याला इसहाक हा मुलगा झाला तेव्हा शंभर वर्षांचा होता. मधली पंचवीस वर्षं कुठं, कशी गेली ते उत्पत्ती १२ ते २१ मध्ये बघा. त्याच्या चुकासुद्धा तिथं लिहिलेल्या आहेत.

इथंच उत्पत्ती २८ जोडून वाचा. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जी ख्रिस्ती वस्ती वसवली तिचं नाव बेथेल. ते नाव या अध्यायातलं. घरातून पळालेला याकोब धोंडा उशाला घेऊन झोपतो आणि देव त्याला शब्द देतो: तू जाशील तिथं मी तुझ्याबरोबर आहे, तुला परत आणीन, तुला सोडणार नाही. कसलीच अट नाही. सकाळी उठून याकोब काय करतो? नवस बोलतो. देव माझ्याबरोबर राहिला, खायला भाकर आणि नेसायला वस्त्र दिलं, तर तो माझा देव होईल. फुकट मिळालेल्या दानाचा त्यानं सौदा केला, आणि सौद्यात मागितलं तेही कितीतरी कमी. नवस बोलण्याची सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की प्रार्थनेतही ती येते. वहीत एक पान ठेवा: 'मी देवाशी कुठं सौदा करतोय?' ते पान कुणाला दाखवू नका.

६. पहिलं काय

हाग्गयाचे दोनच अध्याय आहेत. इ.स.पू. ५२० चा काळ. बंदिवासातून परतलेले लोक आपापली घरं तक्तपोशी करून राहताहेत आणि मंदिर पडून आहे. संदेष्टा म्हणतो, आपल्या वागण्याकडं बघा: पुष्कळ पेरता, थोडं आणता, मजुरी मिळवता ती भोकं पडलेल्या पिशवीत जाते. मराठवाड्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

दोन सावधगिरी. हा उतारा वर्गणीसाठी वापरला जातो. तसा ऐकला असाल तर तो विसरून अध्याय नव्यानं वाचा. दुसरी जास्त महत्त्वाची. हाग्गयाच्या काळात पीक बुडालं ते लोकांच्या दुर्लक्षामुळं, असं देवानं संदेष्ट्याकरवी सांगितलं. हबक्कूकाचा गोठा रिकामा आहे, पण तो स्वतः विश्वासानं उभा आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. रिकामा गोठा बघून आत कोण राहतं, हाग्गयाचा श्रोता की हबक्कूक, हे बाहेरून ओळखता येत नाही. दुसऱ्याच्या गोठ्याबद्दल तर मुळीच बोलू नये.

मग मत्तय ६, एकोणिसाव्या वाक्यापासून शेवटपर्यंत. पहिल्यानं त्याचं राज्य मिळवण्यास झटा, हे ३३ वं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. २४ वं, दोन धन्यांचं, त्याच्यासोबत वाचा. पाखरं पेरत नाहीत म्हणून आपणही पेरू नये का, असा प्रश्न कुणी तरी विचारतंच. येशू काळजी सोडायला सांगतो, नांगर सोडायला नाही. नीतिसूत्रे ६ मधली मुंगी उन्हाळ्यातच साठवते.

कृती: आठवडाभर रोज रात्री दोन ओळी लिहा. आज वेळ कुठं गेला, पैसा कुठं गेला. बँकेचा हप्ता, लेकीची फी, बियाणं, मोबाइल, प्रार्थना, शेजारी, सगळं. टिपणाला कसलीच टीका जोडू नका. सातव्या दिवशी मत्तय ६ पुन्हा वाचा आणि ते पान समोर ठेवा. माझ्या पहिल्या पानावर बाजारभाव बघण्यात रोजचा दीड तास होता.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातल्या (हा याकोब वेगळा, धोंडा उशाला घेणारा नव्हे) ४:१३ ते १५ ची जोड द्या. अमुक शहरात जाऊ, वर्षभर धंदा करू, नफा कमावू, असं म्हणणाऱ्यांना तो 'प्रभूची इच्छा असेल तर' म्हणायला सांगतो. योजना करा, पण ती आपल्या मुठीत नाही हे धरून.

७. बैठक कशी चालवायची

सव्वा तास पुरे. उतारा दोनदा मोठ्यानं, दोन वेगळ्या माणसांनी वाचायचा. ज्यांना वाचता येत नाही ते ऐकतात, आणि पुष्कळदा त्यांनाच आधी कळतं. नंतर चार प्रश्न. 'मला काय वाटलं' हे सगळ्यात शेवटी. एकच माणूस बोलत राहिला तर थांबवा, मग तो पाळकसाहेबांचा नातेवाईक का असेना. उत्तर सापडलं नाही तर प्रश्न वहीत तारखेसह लिहून पुढं जा. माझ्या वहीत रोमकरांस ९ वरचे, देव कोणाला निवडतो याबद्दलच्या अध्यायावरचे, तीन प्रश्न २०१७ पासून उघडे आहेत.

पहिल्या बुधवारी यिर्मया २८ आणि २९ घ्या, दुसऱ्या-तिसऱ्याला योसेफ, मग दानीएल ४, मग हबक्कूक. अब्राहाम आणि याकोब यांना दोन बुधवार द्या. हाग्गय आणि मत्तय ६ शेवटी. सगळं मिळून दोन महिने, कुणाकडं लग्नकार्य निघालं तर अडीच.

पेरणीच्या दिवसांत माणसं थकून येतात. तेव्हा बैठक बंद करू नका, उतारा लहान घ्या. आम्ही मृगात बहुधा स्तोत्र ११५ मधली तीन-चार वाक्यंच वाचतो, चहा घेतो आणि नऊच्या आत सगळे घरी जातात.